हाक मारता येईल असं नाव

बोरिवली (पूर्व)
२० जानेवारी १९८५

ज्यांचं नाव मला फक्त पाकिटावर लिहिता येतं त्यांना,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि आईंसाठी पाठवलेला बाम दोन्ही पोचलं. बाम आईंनी आठवड्यात संपवत आणलाय, आणि वर म्हणतात की मस्कतच्या औषधाला गावच्या तेलाची सर नाही. माझी तब्येत ठणठणीत आहे. डॉक्टरीणबाई मेचा मध्य सांगतात. माहेरी घाटकोपरला जायचं मी रद्द केलं. दादाच्या दीड खोलीत माझं बाळंतपण म्हणजे त्यांची वाट लागेल. इथे प्रसूतिगृह दोन बिल्डिंगा सोडून आहे, आणि तुमच्या आई आहेतच.

आता मुद्द्याचं. नाव. मी मास्तरीण आहे हे विसरू नका. सात वर्षं हजेरी घेतल्यावर प्रत्येक नावावर कुणी ना कुणी आधीच बसलेलं असतं. राजेश म्हटलं की मला खडू खाणारा दिसतो, मिलिंद म्हटलं की पुढच्याच्या शर्टाला शाई लावणारा. ज्याच्यावर मी ओरडले ते नाव बाद. बिल्डिंगीत आहे तेही बाद, कारण खाली तीन संतोष आहेत आणि एकाच्या आईने हाक मारली की तिघं जेवायला निघतात. आपलं आडनाव कुडाळकर, म्हणून प्रभाकर, सुधाकर, दिनकर सगळे बाद. पोरं त्याचं गाणं केल्याशिवाय राहायची नाहीत.

जी नावं उरतात त्यांची मी परीक्षा घेते. दुपारी शाळेतून आले की गॅलरीत उभी राहते आणि खालच्या नळापर्यंत हाक मारून बघते. आवाज टेकायला नावात एक लांब अक्षर लागतं हो. निखिल दुसऱ्या मजल्यावरच पडला. काल परागला हाक मारली तर खालून नारळवाल्याने कुणाचं पोर हरवलं म्हणून विचारलं. शेजारच्या विमलाताईंना वाटतं मला ओरडायचे डोहाळे लागलेत.

हसलात ना, आता ऐका. हे सगळे नियम मी मोडीन, पण एक मोडणार नाही. नाव मला माझ्या तोंडाने घेता आलं पाहिजे. भाऊराव काकांचं गावाहून कार्ड आलंय, की मुलगा झाला तर मामंजींचं नाव ठेवायचं आणि तसा शब्द तुम्ही त्यांना दिलाय. मला विचारलंतही नाही. सासऱ्यांचं नाव सून घेत नाही, हे तुम्हाला मी सांगायला पाहिजे का? चाळीस पोरांची नावं रोज घेणाऱ्या बाईने स्वतःच्या पोराला काय शुक शुक करायचं?

राग आहे, पण पत्र लवकर यावं इतपतच.
तुमची
नीला

*

मस्कत
८ फेब्रुवारी १९८५

प्रिय नीला,
अनेक आशीर्वाद. वयाने मोठा म्हणून देतो, बाकी घरात कोण मोठं ते मला माहीत आहे.

तुझं पत्र खोलीत मोठ्याने वाचलं. परागचा किस्सा ऐकून कुंडलिक इतका हसला की डाळ करपली. हा कुंडलिक म्हणजे विक्रोळीचा, माझ्याबरोबर एसीच्या कामावर आहे. इथे थंडी संपत आली. कामावर लागलेला हात आता बरा आहे, आईला सांगू नकोस म्हटलं होतं तरी तू सांगितलंस असं ताईच्या पत्रावरून दिसतं.

नावाचं म्हणशील तर तुला विचारलं नाही हे चुकलं. पण शब्द का दिला तेही ऐक. मागच्या वर्षी याच महिन्यात बाबा गेले. तार आली तेव्हा मी एका हॉटेलच्या गच्चीवर पाइप जोडत होतो. साहेबाने सुट्टी दिली नाही. मी खांदा दिला नाही, पाणी दिलं नाही, सगळं काकाने केलं. ऑगस्टात आलो तर भिंतीवर फोटो आणि त्याला हार. मी काकाला विचारलं, आता मी काय करू. तो म्हणाला की मुलगा झाला तर भावाचं नाव घरात परत आण. मी हो म्हटलं. माझ्याकडे बाबांना द्यायला दुसरं काही उरलंच नव्हतं गं.

काशीराम जयवंत कुडाळकर. बघ, लिहिताना कसं भरून येतं. कागदोपत्री हे असू दे, तू घरात बाबू म्हण, बंड्या म्हण, काय वाटेल ते म्हण. आईने मला जन्मभर बाबल्या म्हटलं, माझं काय बिघडलं? मुलगी झाली तर सगळा कारभार तुझा, मी तोंड उघडणार नाही.

दूध घे. वजन उचलू नकोस. रागाबरोबर थोडी मायाही पाठव.
तुझा
जयवंत

*

बोरिवली (पूर्व)
३ मार्च १९८५

स. न. वि. वि.

मामंजींचं वर्षश्राद्ध नीट पार पडलं. मुलुंडहून तुमच्या ताई आल्या होत्या, स्वयंपाक सगळा त्यांनीच केला. तुमच्या नावचं पान मांडलं होतं.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मामंजींच्या बाबतीत मी काय बोलणार, तुमचं दुःख मला कळतं. म्हणून मी प्रयत्न करून पाहिला. आई देवळात गेल्या तेव्हा आरशासमोर उभी राहिले आणि ते नाव म्हणायला गेले. क निघतो, पुढचं गिळलं जातं. मी शिकलेली आहे, पण माझी जीभ शिकलेली नाही. वर्गात तुमच्या नावाचा एक ढवण आहे, त्यालासुद्धा मी आडनावानेच पुकारते. मोठ्या बाईंनी विचारलं की याच एकाला आडनाव का, तेव्हा बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. वर्गात ते चालतं. घरात, आपल्या पोराशी नाही चालणार.

तुम्ही विचारलंत, तुमचं काय बिघडलं. तुमचं काही बिघडलं नसेल. संध्याकाळी आई आरती म्हणतात तेव्हा सगळी कडवी खणखणीत, पण जय देव आलं की ओठ मिटतात आणि देवपासून पुन्हा सुरू. मला वाटायचं धाप लागते. श्राद्धाच्या दिवशी ताईंनी सांगितलं तेव्हा कळलं. तुमचं नाव तुमच्या आजोबांचं, म्हणजे आईंच्या सासऱ्यांचं. आईंनी ते कधी उच्चारलेलं नाही, त्यातला जयसुद्धा नाही, देवासमोरसुद्धा नाही. तीस वर्षांत एकदाही त्यांनी तुम्हाला तुमच्या नावाने बोलावलेलं नाही. तुम्हाला हे ठाऊक होतं का?

मला ते नको. तुम्ही म्हणाल तेच होईल, मी चारचौघांत तमाशा करणार नाही. पण मग बारशाला मला पाळण्याजवळ बसायला सांगू नका.

तब्येत बरी आहे. तुमची आठवण रोज येते, भांडायला तरी.
नीला

*

मुलुंड (पूर्व)
२४ मार्च १९८५

चि. बाबल्यास,
आई जानकीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

(जयवंत, मी ताई लिहितेय. पाडव्याला आईला इकडे आणली. तुझं पत्र नीलाने तिला वाचून दाखवलं, तेव्हापासून ती अस्वस्थ आहे. ती मालवणीत सांगते, मला ती कागदावर धड उतरवता येत नाही, म्हणून शाळेतल्या मराठीत लिहिते. जिथे जमणार नाही तिथे तिचेच शब्द.)

तू विचारलंस माझं काय बिघडलं. सांगते. तू पाच वर्षांचा होतास. गावच्या जत्रेत तुला खांद्यावरून उतरवला आणि खाज्याचे पैसे द्यायला वळले, तेवढ्यात तू नाहीसा. मी बाबल्या म्हणून ओरडत सुटले. आपल्याकडे घरटी एक बाबल्या. दुसऱ्यांची पोरं माझ्याकडे धावत येत होती आणि तू नव्हतास. नाटकाच्या मांडवात भोंगा लावलेला होता. भोंगेवाल्याने मला विचारलं, पोराचं नाव काय. माका बोलूक येयना. तो पुन्हा विचारतो, बायका गोळा झालेल्या, आणि मी गप. शेवटी सांगितलं की माझ्या सासूच्या घोवाचं नाव. तो भोंग्यावर काय ओरडणार? लोक हसले. मी मात्र तिथेच बसले.

तू सापडलास काकाला, तळीच्या पायरीवर. पाणी एका हातावर. काकाने लांबून नावाने हाक मारली म्हणून तू मागे वळलास, असं त्याने मला नंतर सांगितलं. माझ्या बाबल्याला तू वळला नसतास, कारण तिथे सगळेच बाबल्या होते. त्या दिवसापासून ते पाणी माझ्या डोळ्यांसमोरून गेलेलं नाही.

तुझ्या बापाबरोबर मी पस्तीस वर्षं संसार केला. त्याच्या नावाचा मान मला कमी आहे असं कुणी म्हणू नये. पण ते नाव पोराला ठेवलंत तर सुनेला घेता येणार नाही आणि मलाही नाही. घरात दोन बायका, दोघी मुक्या. नाव ठेवतलो काका, आणि हाक कोण मारतलो?

नीला बरोबर बोलते. ती तुझ्याशी भांडली म्हणून तिच्यावर रागावू नकोस, मी भांडले नाही म्हणून हे असं झालं. काकाला मी बघून घेते.

(हे सांगताना आई रडली नाही, मीच रडले. अक्षर म्हणून असं आलंय.)

अंगाला जप. मायेला अंतर देऊ नको.
तुझी आई

*

मस्कत
२८ एप्रिल १९८५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईचं पत्र मिळालं. मला जत्रा आठवत नाही, तळी आठवत नाही, काहीच आठवत नाही. एवढी गोष्ट घडली आणि आई ती इतकी वर्षं एकटीच घेऊन बसली. जेवण गेलं नाही. कुंडलिकला वाटलं घरून वाईट बातमी आली.

मी माझा शब्द मागे घेतला. काकाला तसं लिहिलंय, पण त्याला तू ओळखतेस. तो बारशाला येणार आणि पाळण्याजवळची खुर्ची धरून बसणार. नीलालाही लिहिलं, की तुझा नियम पहिला, बाकीचे त्याच्या मागे. तिने उत्तरात फक्त एवढंच लिहिलं, की डोकं ठिकाणावर आल्याबद्दल अभिनंदन.

आता एक मागतो. बाबांची काहीतरी खूण त्या नावात राहिली तर मला बरं वाटेल. पण नीलाला ते बिनदिक्कत घेता आलं पाहिजे, आणि आईलाही. दोन्ही कसं जमायचं ते मला सुचत नाही. कानात कुर्र करायचा मान आत्याचा, तेव्हा डोकंही तुझंच चालव. कुंडलिक सुट्टीवर येतोय, त्याच्याबरोबर कोऱ्या कॅसेट पाठवतो. बारसं टेप कर. मी इथे नसलो तरी मला ऐकायचंय.

धाकट्याचा हट्ट म्हणून पुरव. तुझ्याशिवाय हे काम कुणाचं नाही.
जयवंत

*

मुलुंड (पूर्व)
२७ मे १९८५

चि. जयवंत यास,
अनेक आशीर्वाद, आणि आता तू बाप झालास म्हणून थोडे जास्त.

मुलगा झाल्याची तार तुला पोचलीच असेल. नाक तुझं, आवाज नीलाचा, म्हणजे बिल्डिंगीची झोप उडाली. परवा बारसं झालं. झकास झालं. कॅसेट कुंडलिक आणतोय, पण टेपवर फक्त आवाज येतात, म्हणून सगळं सांगते.

काका सकाळीच हजर. पोतंभर नारळ आणि चांदीची वाटी. वाटीवर काय कोरलंय, तर चि. काशीराम. तुझं पत्र मिळालंच नाही म्हणाला, पण ते त्याच्या खिशातून डोकावत होतं. पाळण्याच्या उशाशी खुर्ची टाकून असा बसला, जणू बारसं त्याचंच. नीलाचं तोंड उतरलं. मी तिला हळूच चिमटा काढला की गप राहा.

बायकांनी बाळाला पाळण्यात घातलं, गोविंद घ्या गोपाळ घ्या झालं. मी वाकले, कानात नाव सांगितलं आणि पाठीत असे धपाटे बसले की अजून दुखतंय. मग उभी राहून मोठ्याने म्हटलं, विश्वेश. काका ताडकन उठला. हे कुठलं नाव काढलंस, माझ्या भावाचं नाव कुठे गेलं, म्हणून आवाज चढवला. मी त्याला शांतपणे विचारलं, की काका, तुम्ही यात्रेला जाऊन आलात, काशीचा धनी कोण? तो रागातच विश्वेश्वर म्हणून गेला. मी म्हटलं, तुमच्या भावाच्या नावात काशी आहे, आम्ही काशीचा मालकच घरात आणला. काका खुर्चीत बसला. वाटीचं काय करायचं म्हणाला. मी म्हटलं, आजोबांची वाटी म्हणून त्यातच नातवाला दूध पाजू, नाव आहे तसंच राहू दे.

तरी तो पुटपुटत होता, की रीत ती रीत, बायकांना उच्चारायला जड जातं म्हणून घरातली नावं बदलायची का. आई तोपर्यंत स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. विधवा बाई, पाळण्याजवळ यायला तयार नव्हती. नीला उठली, तिचा हात धरून आणली आणि पाळण्याशी बसवली. एक बाई काही बोलणार होती, नीलाने वर्गात बघते तसं तिच्याकडे बघितलं. मग बायकांनी नीलाला नाव घ्यायला लावलं. तिने तुझं नाव घेतलं, उखाण्यात का होईना, आणि लाजली. हसणं चालू होतं तेवढ्यात आई म्हणाली की मीही घेणार.

मला वाटलं बाबांचं घेईल आणि रडेल. तिने पाळण्याची दोरी हातात घेतली आणि घेतलं ते असं:

सासऱ्याचो मान राखलंय, तीस वर्सां झाली पुरी,
जयवंत माझो झील, ओढतंय त्याच्या झिलाची दोरी.

जयवंत, तुझं नाव. आपल्या आईच्या तोंडून. एक अक्षर अडखळलं नाही. आधी कुणाला कळलंच नाही काय झालं, आणि कळलं तेव्हा विमलाताईंनी टाळ्या वाजवल्या आणि खोलीभर टाळ्या झाल्या. मुलाच्या नावाचा उखाणा कुणी ऐकला होता का? मी हसत होते की रडत होते मला माहीत नाही. आणि काका, ज्याच्या बापाचं हे नाव, तो उठून आईच्या पाया पडला. म्हणाला की वहिनी, आमच्या बापाचं नाव इतकं गोड आहे हे आज कळलं. रीत मग कुणी काढली नाही.

नीलाने बाळाला उचललं आणि गॅलरीत गेली. खाली सगळं मैदान, पोरं खेळत होती. तिने पोटातून आवाज काढला आणि विश्वेश अशी हाक मारली. पोर तिच्याच हातात होतं तरी हाक पार नळापर्यंत गेली. मग आईने मारली, मग मी मारली. पोराने भोकाड पसरलं. आम्ही तिघी हसत उभ्या होतो आणि कुणालाही आत जावंसं वाटत नव्हतं.

मिठाई कुंडलिकबरोबर पाठवली आहे, त्याने वाटेत खाल्ली नाही तर मिळेल.
बहिणीवर आहे तसाच जीव लाव.
ताई

*

मस्कत
१४ जून १९८५

ती. आईस,
जयवंतचा शि. सा. न. वि. वि.

कुंडलिक काल आला. मिठाई अर्धी आली, कॅसेट पूर्ण आली. आज शुक्रवार, सगळे खोलीत होते. पाळणा ऐकला, काकाचा आरडाओरडा ऐकला, नीलाने माझं नाव घेतलं तेव्हा पोरांनी मला उशांनी मारलं. मग तुझा आवाज आला.

आई, मी टेप बंद केली आणि बाहेर जाऊन बसलो. मोठा माणूस आहे, बाप झालोय, पण रडू आवरेना. माझं नाव मला कधीच खास वाटलं नव्हतं. मस्टरवरचं नाव, पासपोर्टवरचं नाव. शाळेत मास्तर घ्यायचे ते मारायला. तुझ्या तोंडून ऐकलं आणि वाटलं, हे आजोबांचं नाही, माझं आहे. मी नीलाला विचारलं होतं ना, माझं काय बिघडलं. हे बिघडलं होतं, आणि मला ते ठाऊकही नव्हतं. तू ते चारचौघांत, काकाच्या नाकासमोर भरून काढलंस. तुझ्याएवढं धाडस या घरात कुणाचं नाही. नीलाचंही नाही, तिला हे वाचून दाखवायला सांग.

बाबांना मी पोचलो नाही याचं दुःख आहे ते राहील. पण विश्वेश म्हणताना ते जवळ वाटतात. ताईला सांग, तिचं डोकं चाललं.

माझी सुट्टी मंजूर झाली. गणपतीच्या आठ दिवस आधी येतो. सहारला विमानतळाबाहेर माणसांची झुंबड असते, मी तुला शोधत बसेन आणि तू मला दिसणार नाहीस. तेव्हा तूच मला हाक मार. नावाने मार.

तुझ्या मायेत मला कधी उणं पडलं नाही, आता तर उरलंय.
तुझा
जयवंत